वारा फुकट, पवनचक्की कोणाची?

पंचमहाभूतांपैकी वारा हा आजवर हिशेबाच्या वहीपासून अगदी दूर राहिलेला होता. जमिनीचे सातबारे झाले, पाण्याचे पाट आणि पाळ्या ठरल्या, अग्नी तर काडेपेटीत बंद होऊन दुकानात विक्रीला बसला. पण वाऱ्याला कोणी मालक मिळाला नाही. पुराणांनी त्याला मारुतीचा पिता म्हणून मान दिला, शेतकऱ्याने खळ्यावर सूप हाती धरून त्याची वाट पाहिली, आणि आमच्या बडोद्यात उत्तरायणाच्या दिवशी गच्चीगच्चीवर जो पतंगांचा मेळा भरतो, त्यासाठी लागणाऱ्या वाऱ्याचे बिल आजतागायत कोणत्याही घरी आलेले नाही. अलीकडे मात्र हा निःसंग वाराही हिशेबाच्या वहीत आला आहे. त्याच्यापासून वीज होते, विजेला किंमत असते, आणि जिथे किंमत आली तिथे मालकी ही येणारच.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात आम्ही ऊर्जासाधनांचा पाठ शिकवीत होतो. कोळसा, तेल व वायू जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पृथ्वीचे तापमान वाढते. उलट वारा, ऊन, वाहते पाणी व अणू यांपासून वीज केल्यास हा वायू फारच थोडा निर्माण होतो, म्हणून या साधनांना अल्पकार्बन ऊर्जा म्हणतात, येथवर पाठ व्यवस्थित झाला. तेवढ्यात मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, कोळसा खणावा लागतो, आणावा लागतो, म्हणून त्याचे पैसे पडतात हे समजले. पण वारा तर कोणी विकत आणीत नाही. मग त्या विजेचे पैसे जातात कोणाकडे?" प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर पस्तीस मिनिटांच्या तासात मावणारे नव्हते. ते जमेल तितके या पानांवर मांडावे, असे आम्ही त्याच दिवशी ठरविले.

या प्रश्नाविषयी आम्हांला आस्था वाटावी, यास घरचेही एक कारण आहे. आमचे मामा एका सरकारी वीजमंडळात लाइनमन होते. पावसाळ्याच्या रात्री कुठे तार तुटली की त्यांना बोलावणे येई. मग सायकल, खांद्यावर दोराचे वेटोळे, कमरेला पट्टा आणि हाती विजेरी अशा थाटात ते अंधारात नाहीसे होत, व मामी देवापाशी दिवा लावून बसत. मामा युनियनचे सभासद होते. दरमहा पगाराच्या दिवशी वर्गणी देण्यात त्यांनी कधी चुकारपणा केला नाही. रबरी हातमोजे वेळेवर मिळावेत, खांबावर चढणाऱ्याबरोबर खाली दुसरा माणूस असावा, अशा मागण्यांची पत्रके ते आमच्याकडून सुवाच्य अक्षरात लिहवून घेत. मामा निवृत्त झाले ते निवृत्तिवेतन घेऊन. आणि त्यांच्या पश्चात मामींना त्याचा आधार राहिला.

आता आमच्या भाच्याची गोष्ट. त्याने येथेच आयटीआयमध्ये वीजतंत्र्याचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि तो कच्छात पवनचक्क्यांच्या दुरुस्तीच्या कामावर लागला. मामांचा खांब आठ मीटरांचा; भाच्याचा मनोरा शंभर मीटरांहून उंच. आतल्या शिडीने वर चढायचे, पंख्याच्या पेटीतील यंत्रे तपासायची आणि उतरायचे. काम अभिमानाचे, आणि तो ते अभिमानाने करतो. परंतु त्याची नेमणूक पवनचक्कीच्या मालकाकडे नाही, यंत्र बनविणाऱ्याकडेही नाही. ती आहे एका कंत्राटदाराकडे, आणि तीही वर्षावर्षाच्या कराराने. दोन वर्षांपूर्वी कंत्राटदार बदलला तेव्हा त्याच्याबरोबरचे कितीतरी सोबती एका आठवड्यात घरी परतले. सुटीत आला असताना तो आम्हांला हसत म्हणाला, "मामा, पंखा वाऱ्यावर, आणि आम्हीही वाऱ्यावरच!" त्याच्या हसण्यात आम्हांला सामील होता आले नाही.

धूर गेला, काजळी गेली, ही फार मोठी गोष्ट आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु वीज स्वच्छ झाली म्हणजे तिच्या मागील व्यवहारही आपोआप न्याय्य झाला, असे मात्र होत नाही. हे जगात सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने जर कोणी सांगितले असेल, तर ते कामगारांच्या संघटनांनी. त्यांच्यापैकी अनेकींची मागणी अशी की, वारा व ऊन यांपासून होणारी वीज लोकांच्या, म्हणजे शासनाच्या, नगरपालिकेच्या अथवा सहकारी संस्थेच्या मालकीची असावी. ही मागणी नीट समजून घ्यायची तर ब्रिटनकडे पाहावे. वीज खासगी हातांतून सार्वजनिक हातांत, तेथून परत खासगी हातांत, आणि आता काही अंशी पुन्हा सार्वजनिक हातांत, असा सबंध फेरा त्या एका देशात पुरा झालेला आहे.

ब्रिटनमध्ये विजेचे कारखाने प्रथम शेकडो होते. काही नगरपालिकांचे, काही कंपन्यांचे. एका गावचा दाब दुसऱ्या गावाशी जुळत नसे, एका गावचा दिवा दुसऱ्या गावी चालत नसे. १९२६ च्या कायद्याने देशव्यापी वीजवाहिन्यांचे जाळे उभारण्यास आरंभ झाला. पुढे दुसरे महायुद्ध संपल्यावर मजूर पक्षाचे सरकार आले. त्या पक्षाचा जन्मच मुळी कामगार संघटनांच्या पुढाकाराने झालेला. १९४७ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९४८ रोजी पाचशेहून अधिक वीजसंस्था एकाच दिवशी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या.

पण आम्हांला अधिक मोह पडतो तो त्याआधीच्या एका घटनेचा. १९४३ साली, युद्ध ऐन भरात असताना, स्कॉटलंडचे मंत्री टॉम जॉन्स्टन यांनी उत्तर स्कॉटलंडसाठी एक जलविद्युत मंडळ स्थापन करविले. डोंगराळ, विरळ वस्तीचा तो प्रदेश. तेथील लहान शेतकऱ्यांपैकी शंभरात एखाद्याच्याच घरी तेव्हा विजेचा दिवा होता. असल्या ठिकाणी तारा ओढण्यात कोणत्याही नफेखोराला रस असण्याचे कारण नव्हते. मंडळाच्या कायद्यात मात्र वीज निर्माण करण्याबरोबरच त्या प्रदेशाची आर्थिक व सामाजिक उन्नती करणे हेही कर्तव्य म्हणून घातलेले होते. मोठमोठ्या जमीनदारांनी विरोध केला. निसर्गसौंदर्य बिघडेल म्हणूनही ओरड झाली. तरी डोंगर पोखरले गेले, धरणे बांधली गेली, आणि १९५० साली लॉख स्लॉय येथील पहिले मोठे वीजगृह चालू झाले. बोगदे खोदणारे मजूर इतक्या झपाट्याने काम करीत की, १९५५ साली सेंट फिलन्स येथे त्यांनी एका आठवड्यात ५५७ फूट बोगदा खोदून जगात उच्चांक केला. त्या कामांत माणसेही दगावली. पाण्यापासून झालेली ही वीज जनतेच्या मालकीची होती आणि अल्पकार्बन होती. फक्त 'अल्पकार्बन' हा शब्द त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हता.

त्याच १९४३ सालच्या ऑक्टोबरात दिल्लीला एक बैठक भरली होती. तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ज्या बडोद्यात १९१७ साली ते संस्थानच्या नोकरीसाठी आले आणि अस्पृश्यतेच्या रूढीमुळे राहावयास जागा न मिळाल्याने ज्यांना माघारी जावे लागले, तेच आंबेडकर आता व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळी मजुरांचे खाते आणि विजेचे खाते एकाच मंत्र्याकडे असे. वीज खासगी मालकीची असावी की शासनाच्या, हा प्रश्न त्यांनी त्या बैठकीपुढे अगदी आरंभीच ठेवला. आणि वीज स्वस्त व मुबलक असल्याखेरीज हिंदुस्थानचे उद्योगीकरण होणार नाही व दारिद्र्य हटणार नाही, असे प्रतिपादन केले. पुढे १९४८ च्या कायद्याने राज्याराज्यांत वीजमंडळे स्थापन होण्याचा मार्ग मोकळा झाला. आमच्या मामांच्या खांद्यावरील दोराचे वेटोळे एका परीने त्या बैठकीतूनच निघाले, असे म्हटल्यास ती निव्वळ अतिशयोक्ती होणार नाही.

ब्रिटनमध्ये मात्र पुढे वारे फिरले. १९८९ च्या कायद्याने वीज विकण्याचे ठरले. १९९० च्या डिसेंबरात वितरण करणाऱ्या संस्था आणि १९९१ साली मोठी वीजगृहे बाजारात गेली. डोंगरातील ते जलविद्युत मंडळही त्याच वर्षी शेअरबाजारात विकले गेले. स्पर्धा वाढेल, कारभार सुधारेल, ग्राहकाला वीज स्वस्त पडेल, हा त्यामागचा युक्तिवाद होता. कारभारातील काही खर्च कमी झाले हे खरे. पण हजारो कामगारांच्या नोकऱ्याही त्याच वाटेने गेल्या.

येथे एक जुनी हकीकत सांगावीशी वाटते, कारण कामगार संघटना म्हणजे केवळ पगारवाढ मागणारी मंडळी, असा समज आपल्याकडे सुशिक्षितांतही आढळतो. ब्रिटनमध्ये लुकास एरोस्पेस नावाची विमानांचे भाग बनविणारी कंपनी होती. तेथे कामगार कमी होणार अशी चिन्हे दिसू लागली, तेव्हा निरनिराळ्या कारखान्यांतील कामगार प्रतिनिधी एकत्र आले. त्यांनी सोबत्यांनाच विचारले की, आपल्या हातांत जे कौशल्य आहे आणि आपल्यापाशी जी यंत्रे आहेत, त्यांतून समाजाच्या उपयोगाचे काय काय करता येईल? १९७६ साली त्यांनी जी योजना प्रसिद्ध केली, तीत सुमारे दीडशे वस्तू होत्या. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी यंत्रे होती, आणि पवनचक्क्या, सौर उपकरणे व घर उबदार ठेवणारे हीट पंपही होते. आज ज्या गोष्टी सरकारे मोठ्या गाजावाजाने जाहीर करतात, त्या सुमारे अर्ध्या शतकापूर्वी लेथवर काम करणाऱ्या माणसांनी कागदावर मांडल्या होत्या. व्यवस्थापनाने ती योजना नाकारली. तिच्या पुढाऱ्यांपैकी माइक कूली यांची नोकरी पुढे गेली. आणि १९८१ साली त्यांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला.

आता स्कॉटलंडमधील फाइफच्या किनाऱ्यावर येऊ. तेथे मेथिल व बर्न्टआयलंड या दोन गावी पोलादी बांधकामाचे मोठे कारखाने होते. उत्तर समुद्रातील तेलासाठी लागणारे सांगाडे तेथे बनत. पुढे समुद्रातील पवनचक्क्यांचे पोलादी पाय बनविण्याचे काम आले. कोळशाच्या खाणी गेलेल्या त्या मुलखाला हा नवा आधार वाटला. २०१७ च्या नोव्हेंबरात कंपनी बुडायच्या बेतात आली, आणि सुमारे १,४०० जणांच्या नोकऱ्या धोक्यात आल्या. कामगारांनी काय करावे? त्यांनी संप केला नाही. पगाराची शाश्वती नसताना त्यांनी काम चालू ठेवले, कारखान्यावर पहारा ठेवला, आणि एडिंबरोच्या संसदेवर मोर्चा नेला. जीएमबी व युनाइट या दोन संघटना त्यांच्या पाठीशी होत्या. तडजोड झाली आणि कारखाना त्या वेळेपुरता वाचला.

पण खरा आघात पुढेच होता. फाइफच्या किनाऱ्यापासून अवघ्या १५ किलोमीटरांवर समुद्रात ५४ पवनचक्क्यांचा एक प्रकल्प ठरला. मेथिलच्या माणसाला त्या घराच्या खिडकीतून दिसाव्यात इतक्या त्या जवळ. साहजिकच लोकांना वाटले, हे काम आपलेच. परंतु त्या पवनचक्क्यांच्या पायांचे बरेचसे काम हजारो मैल दूर इंडोनेशियात देण्याचे ठरले. तेथून ते सांगाडे जहाजांवर लादून आणायचे. संघटनांनी २०१९ साली गावोगावी सभा घेऊन चळवळ उभारली. आपल्या डोळ्यांसमोर पंखे फिरणार, आपल्या बिलांतून त्यांचे पैसे जाणार, आणि आपले कारखाने मात्र बंद, हा कोणता न्याय, असा त्यांचा सवाल होता. थोडे काम पदरात पडेल अशी आशा निर्माण झाली, पण २०२० च्या डिसेंबरात ती कंपनी बुडाली.

या प्रकल्पाचे मालक कोण होते, हे ऐकल्यावर आमच्याप्रमाणे वाचकांनाही नवल वाटेल. एक फ्रान्सची ईडीएफ कंपनी, जी आता पूर्णपणे फ्रेंच सरकारची आहे. दुसरी आयर्लंडची ईएसबी, जीत बहुतेक सर्व भाग आयरिश सरकारचा आहे. एवढ्यावरच हे थांबत नाही. ब्रिटनच्या समुद्रात ज्या अनेक पवनचक्क्या आहेत त्यांच्या मोठ्या मालकांपैकी ऑर्स्टेड या कंपनीत निम्म्याहून किंचित अधिक वाटा डेन्मार्क सरकारचा, व्हॅटनफॉल स्वीडन सरकारची, आणि इक्विनॉरमध्ये नॉर्वे सरकारचे दोनतृतीयांश भांडवल. म्हणजे सरकारी मालकी अकार्यक्षम असते म्हणून ब्रिटनने आपली वीज विकली, आणि आज ब्रिटनचा वारा बऱ्याच प्रमाणात सरकारी मालकीचाच आहे. सरकारे मात्र दुसऱ्यांची आहेत! मेथिलचा कारखानाही नंतर दोनदा हात बदलून २०२५ च्या जानेवारीत स्पेन सरकारच्या मालकीच्या नाव्हान्तिया कंपनीकडे गेला. या सर्व राष्ट्रांचा आम्हांला राग नाही. उलट त्यांनी जे आपल्या लोकांसाठी केले ते ब्रिटनला का करता येऊ नये, एवढेच तेथील कामगार संघटना विचारीत होत्या.

२०२२ साली या प्रश्नाला धार आली. युक्रेनचे युद्ध सुरू झाले, वायूचे भाव भडकले, आणि ब्रिटनमधील सरासरी कुटुंबाच्या वीज-वायूच्या वार्षिक बिलाची मर्यादा एप्रिलमध्ये १,२७७ पौंडांवरून १,९७१ पौंडांवर गेली. वायू महागला तर वाऱ्याच्या विजेचा भाव का वाढावा? याचे कारण बाजाराच्या रीतीत आहे. समजा, मंडईत एका सकाळी शंभर जुड्या मेथी हवी आहे. जवळच्या मळेवाल्याला ती पाच रुपयांत परवडते, दूरच्याला पंधरा रुपयांत. शंभराची भरती करण्यास दूरच्याची मेथी घ्यावीच लागते, आणि मंडईचा नियम असा की सर्वांना शेवटच्या, म्हणजे पंधरा रुपयांच्या भावाने पैसे मिळतील. विजेच्या घाऊक बाजारात तो दूरचा मळेवाला म्हणजे वायूवर चालणारे वीजगृह. ज्या नव्या पवनचक्क्यांचे भाव सरकारशी दीर्घ कराराने ठरले होते त्यांना हा लाभ नव्हता. पण ज्या जुन्या चक्क्यांचे तसे करार नव्हते, त्यांच्या मालकांच्या पदरात एक फुंकर न वाढता अधिक पैसे पडले. वर्गातील त्या प्रश्नाच्या उत्तराचा निम्मा भाग येथे आहे.

त्याच वर्षी ब्रिटिश ट्रेड युनियन काँग्रेसने, म्हणजे १८६८ साली स्थापन झालेल्या तेथील संघटनांच्या मध्यवर्ती संस्थेने, सार्वजनिक मालकीची राष्ट्रीय ऊर्जाकंपनी काढण्याची मागणी जोराने मांडली. सप्टेंबरात मजूर पक्षाने तशी कंपनी काढण्याचे वचन दिले. २०२४ साली तो पक्ष सत्तेवर आला, आणि मे २०२५ मध्ये 'ग्रेट ब्रिटिश एनर्जी' या कंपनीचा कायदा झाला. तिचे मुख्य ठाणे ॲबरडीन या तेलाच्या शहरी ठेवले असून तिच्यासाठी ८.३ अब्ज पौंडांची तरतूद जाहीर झाली. तिचे पहिले मोठे काम ऐकून आम्हांला विशेष संतोष झाला: इंग्लंडमधील सुमारे २०० शाळा आणि २०० रुग्णालये यांच्या छपरांवर सौर पॅनेल बसविणे. शाळेचे बिल वाचेल, तर तेवढी पुस्तके येतील, हा हिशेब कोणत्याही मुख्याध्यापकाला तोंडपाठ असतो.

कामगार संघटनांची मागणी यामुळे पुरी झाली काय? नाही. ही कंपनी म्हणजे सबंध वीजउद्योगाचे राष्ट्रीयीकरण नव्हे. तिला खासगी कंपन्यांच्या सोबतीनेच भांडवल गुंतवायचे आहे. शिवाय खुद्द संघटनांतही एकमत नाही. ज्यांचे सभासद आज तेलाच्या फलाटांवर राबतात, त्या युनाइट संघटनेने २०२४ साली असे बजावले की, पर्यायी कामाची योजना नसेल तर नव्या तेलविहिरींवर बंदी नको. एका हाताने वारा सार्वजनिक करा म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने तेल सोडू नका म्हणायचे, यात विसंगती दिसते खरी. पण ज्याच्या चुलीवर आजचे भांडे तेलाच्या पगारावर चढते, त्याला उद्याच्या वाऱ्याचे नुसते वचन देऊन भागत नाही, हेही तितकेच खरे.

सार्वजनिक मालकीचे नाव घेताच सर्व दुःखे नष्ट होतात, अशी समजूत आम्ही विद्यार्थ्यांची करून देऊ इच्छीत नाही. ब्रिटनच्या कोळशाच्या खाणी सरकारच्याच होत्या. तरी त्या बंद करण्याच्या निर्णयावरून १९८४-८५ साली खाणकामगारांना वर्षभर संप करावा लागला, आणि ते हरले. अनेक गावांची त्यानंतर जी वाताहत झाली ती सरकारी मालकीने टळली नाही. कारण मालक बदलला तरी कामगाराला विचारण्याची पद्धत आलेली नव्हती. याउलट ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ येथील ब्रिटनचे शेवटचे कोळशाचे वीजगृह बंद झाले, आणि १८८२ साली लंडनमध्ये सुरू झालेले एक युग संपले. त्या वेळी दंगा झाला नाही. बंद होण्याची तारीख बरीच आधी ठाऊक होती, संघटनांशी बोलणी झाली होती, आणि कामगारांना नवे शिक्षण व नव्या जागा यांची तयारी करावयास अवधी मिळाला होता. या दोन प्रसंगांमध्ये जो फरक आहे, त्यात संघटनांच्या मागणीचा गाभा सापडतो. मालकी लोकांची असावी, आणि निर्णयाच्या वेळी लोकांना, विशेषतः काम करणाऱ्या लोकांना, विचारले जावे. या दोहोंपैकी एक असून दुसरे नसेल तर काम अर्धेच होते.

हा प्रश्न केवळ परक्या देशाचा नाही. ४ जानेवारी २०२३ रोजी शेजारच्या महाराष्ट्रात सरकारी वीजकंपन्यांचे कामगार, अभियंते व अधिकारी संपावर गेले. मुंबईच्या उपनगरांत व ठाणे-नवी मुंबईच्या भागात वीजवितरणासाठी एका खासगी कंपनीने समांतर परवाना मागितला होता, त्यास त्यांचा विरोध होता. त्यांचे म्हणणे असे की, भरपूर बिल देणारी शहरे खासगी कंपनीने घेतली, तर कोकणातल्या वाडीला आणि मराठवाड्यातल्या शेतपंपाला वीज देण्याचा तोटा कशातून भरून निघणार? वाटाघाटी होऊन, खासगीकरण करणार नाही असे आश्वासन सरकारने दिले आणि त्याच दिवशी संप मिटला. त्या मागण्यांत कंत्राटी कामगारांचाही विषय होता, हे विशेष. कारण सरकारी मालकीच्या छपराखालीही कंत्राटाची सावली पडू शकते.

विरुद्ध बाजू दडवून ठेवणे शिक्षकाला शोभत नाही. पवनचक्क्या व सौर पॅनेले इतक्या वेगाने उभी राहिली यात खासगी भांडवलाचा वाटा मोठा आहे. सरकारी कारभारात दिरंगाई असते, राजकारण शिरते, कर्ज वाढते. हे आम्हांला कोणी सांगावयास नको, मामांच्याच तोंडून आम्ही ते पुष्कळ ऐकले आहे. तेव्हा खासगी की सार्वजनिक, या वादाचा निकाल एका लेखात लावण्याचा आव आम्ही आणीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, पृथ्वी वाचविण्याच्या घाईत हा वाद विचारातच घ्यायचा नाही, असे होऊ नये. लॉख स्लॉयच्या खोऱ्यात तो विचार झाला, म्हणून डोंगरातल्या घरात दिवा लागला. फाइफच्या किनाऱ्यावर तो उशिरा झाला, म्हणून समोर पंखे उभे राहिले आणि मागे कारखाना बंद पडला.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळजण उद्या या नव्या विजेच्या कामावर जाल. कोणी छपरावर पॅनेल बसवाल, कोणी मनोऱ्यावर चढाल, कोणी कचेरीत बसून त्यांचे आराखडे आखाल, आणि कदाचित कोणी त्यांचे मालकही व्हाल. काम हाती घेताना मजुरी किती, हे अवश्य विचारा; त्यात संकोच कसला? पण त्याचबरोबर हेही विचारा की, ही वीज कोणाच्या घरी जाते, तिचा नफा कोणाकडे जातो, आणि करार संपला म्हणजे बरोबरच्या सोबत्याचे काय होते. हे प्रश्न एकट्याने विचारले तर माणूस तक्रारखोर ठरतो. चौघांनी मिळून, अभ्यास करून, नम्रपणे आणि ठामपणे विचारले तर त्यालाच संघटना म्हणतात. लुकासच्या लेथवरील माणसांनी तेच केले, मेथिलच्या वेल्डरांनी तेच केले. त्यांना प्रत्येक वेळी यश आले नाही. परंतु त्यांनी विचारलेले प्रश्न आज एका देशाच्या कायद्याचे आणि निवडणुकीचे विषय झाले आहेत. तुम्ही विचाराल तेव्हा तुमच्यापाशी अभ्यास असावा, एवढ्याच इच्छेने आम्ही हे लिहिले.